कोआख

उजवी बाजू गेलेली. आवळे पाळकबाबा
पाटीवर डाव्या हातानं लिहितात,
सुरुवात मात्र उजव्या टोकाकडून.
मी म्हटलं, बाबा, इकडून लिहा, सोपं जाईल.
मान हलवली. ती भाषाच तिकडून येते,
मेलेल्या हाताकडून निघते, जित्या हाताकडे.

दोनच अक्षरं. कोआख.
शेवटचा ख घशाच्या तळातून,
आटल्या विहिरीत पोहरा आपटावा तसा.
मराठी अजून वाटेतच आहे त्यांची,
'पाणी' म्हणायचं तर 'पा'वरच पाच मिनिटं जातात.
हा लांबचा शब्द पहिल्या हाकेला आला.

"म्हणजे काय हो?"
रूथबाई मोसंबं सोलत होत्या.
"बळ. चाळीस वर्षं ऐकतेय.
हे बाहेर पोरांना शिकवायचे, मी आत चपात्या लाटायची."
बाबांनी बोट हलवलं. म्हणजे हो,
पण तेवढंच नाही.

मिरजेत अकरा वर्षं झाली मला.
जोर लावा. दम धरा. सोडा. परत.
सांगलीच्या तालमीतली पोरं खांदा निखळवून येतात,
त्यांच्यात रग असते.
हळदीच्या वखारीतल्या बायका पाठ धरून येतात,
त्यांच्यात नुसता नेट.
यातलं नेमकं काय मागते मी माणसांकडे,
कधी विचार केला नव्हता.

मंगळवारी कळलं, ते भुईचंही असतं.
बाबा पानावर बोट ठेवायचे, रूथबाई वाचायच्या.
भावाला मारून आलेल्या भावाला सांगितलं होतं:
तू भुई कसशील, पण ती तुला
तिचं कोआख देणार नाही.
मी म्हटलं, अहो, मग हा तर कस!
आमच्या कवठ्याला चुलते माती जिभेला लावून
हेच सांगायचे.
बाबांचा अर्धा चेहरा हसला.

मग भाकरीचंही निघालं.
जिवाच्या भीतीनं पळालेला एक जण
झाडाखाली जेवला, आणि त्या जेवणाच्या कोआखावर
चाळीस दिवस चालला.
रूथबाईंनी डबा माझ्याकडे सरकवला. नको म्हणता येईना.

शनिवारी त्यांनी अक्षर काढलंच नाही.
शेपूट काढली. चार पाय. फताडी बोटं.
"अगंबाई, घोरपड!"
तीच दोन अक्षरं,
खाऊ नये अशा प्राण्यांच्या यादीत.
पंडितांचं एकमत नाही, कुणी सरडा म्हणतं, कुणी आणखी काही.
पण बाबा जतचे. त्यांची घोरपड ठरलेली.
लहानपणी पाहिलेली, विहिरीच्या कपारीत,
तीन बाप्ये शेपटाला लोंबकळून थकले होते.
तिनं काहीच केलं नव्हतं, रूथबाई म्हणाल्या,
फक्त सोडलं नव्हतं.

त्या दिवशी उजव्या मुठीत चेंडू देताना
जोर लावा म्हणाले नाही.
सोडू नका, म्हटलं.
चेंडू पडला.
पुन्हा दिला. पडला. पलंगाखाली गेला,
मी वाकून काढला, धुळीसकट दिला.
करंगळीशेजारचं बोट
ज्वारीच्या दाण्याएवढं वाकलं. किंवा मला वाटलं.
तक्त्यावर मी प्रश्नचिन्ह टाकलं.

जायच्या आधी अजून एक ओळ होती.
वाट पाहतात त्यांना नवं बळ मिळेल,
असं छापलंय. बाबांनी 'नवं'वर काट मारली.
तिथलं क्रियापद म्हणे अंगावरचे कपडे बदलताना वापरतात,
एक उतरवायचं, दुसरं घालायचं.
बदली.
म्हणजे पैरा, मी म्हटलं. तुमचा एक बैल,
माझा एक. तुमचं रान झालं की माझं.
बाबा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.
"पै," म्हणाले.
"पै... रा."

माझा डावा खांदा दिवाळीपासून दुखतोय,
कुणाला सांगितलेलं नाही.
तोच त्यांच्या उजव्या काखेत दिला,
आणि खिडकीपर्यंत गेलो,
सात पावलं, मध्ये एकदा थांबून.

घरी येऊन कोट काढला
तर बाहीवर खडूची शेपूट उमटलेली.